शिरसावंद्य, अंमल तहकूब

सांता रुफिना, १ मार्च १७२७. सकाळ.

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवण्यासाठी नाही. थोर माणसं मनातलं लिहून ठेवतात, म्हणून मीही.

काल ग्वातेमालाहून स्वार आला. माझ्या जागी डॉन फाद्रिके दे साल्सेदो यांची नेमणूक झाली आहे. सप्टेंबरअखेर, संत मिगेलच्या सणाला, माझी गव्हर्नरपदाची मुदत संपते. ते येणार, चार्ज घेणार, रिवाजाप्रमाणे माझ्या कारभाराची जाहीर चौकशी लावणार, आणि चौकशीतून सुटलो की मी घरी. स्पेनमध्ये, त्रुहिल्योला. बायकोकडे, म्हणजे लिओनोरकडे, माझ्या ऑलिव्हच्या झाडांकडे. पाच वर्षं या चिखलात काढली. आता पुरे.

चौकशीची मला भीती नाही. कारभार स्वच्छ. एकच काम राहिलं आहे. तेही किरकोळ.

पहिल्या वर्षीच महाराजांचा हुकूम आला होता. या प्रांतातले लोक खोऱ्याखोऱ्यांत एकेकटे राहतात, रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेपुरतं तोंड दाखवतात आणि खेचरावर बसून परत जातात. तरी त्या सर्वांना सांता रुफिनात, चर्चच्या घंटेच्या टप्प्यात, घरं बांधून राहायला लावावं. मी नगरसभेपुढे उभा राहिलो, टोपी काढली, हुकुमाचं चुंबन घेतलं, तो डोक्यावर ठेवला, आणि आपल्याकडे बापजाद्यांपासून म्हणतात ते म्हटलं: हुकूम शिरसावंद्य, अंमल तहकूब. यात बेअदबी मुळीच नाही. महाराज समुद्रापलीकडे. इथली परिस्थिती त्यांना कळेपर्यंत हुकुमाचा मान राखायचा, तो राबवायचा नाही. मोठमोठ्या व्हाइसरॉयांनी हेच केलं आहे. त्या दिवशी माझी टोपी काढण्याची ढब विशेष साधली होती, असं नगरप्रमुख डॉन मेल्चोर अजून म्हणतात.

परिस्थिती म्हणजे माझा गुडघा दुखत होता. पण ते महाराजांना कुठे लिहायचं.

आता डॉन फाद्रिके आल्या आल्या विचारणार, गाव कुठे आहे? चर्च आहे, नगरसभा आहे, माझं घर आहे, आणि रविवारखेरीज न उघडणारी काही दारं आहेत. याला गाव म्हणत नाहीत. गाव दाखवता आलं नाही तर चौकशीतून मला सोडणार नाहीत. तेव्हा संकल्प: पाऊस लागायच्या आत सांता रुफिना वसवायचं. दोन महिने भरपूर झाले.

आणखी संकल्प: पहाटे उठणे. न रागावणे. चॉकलेट दिवसातून एकदाच, तेही ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस संपल्यावर.

२ मार्च.

उठायला उशीर झाला. चॉकलेट दोनदा. इथे नाणं दिसत नाही, काकाओच्या बियाच पैसा म्हणून चालतात. मला पगार बियांतच मिळतो. तो प्यायचा नाही तर काय करायचं. उपवासात चॉकलेट चालतं का, हे पाद्री अन्सेल्मो यांना विचारलं. म्हणाले, पातळ असेल तर ते पेय, घट्ट असेल तर पाप. आमची स्वयंपाकीण जासिंता घट्टच करते. तिच्यावर रागावलो.

९ मार्च, रविवार. दुपार.

फत्ते!

मिस्सेनंतर चौकात ढोल वाजवला आणि जाहीरनामा स्वतः वाचला, कारण कारकुनाचा घसा बसला आहे. प्रत्येक कुटुंबाने गावात घर बांधावं, महाराजांची इच्छा आहे, माझीही आहे. वाचून संपवलं तर काय दृश्य! एकेक जण पुढे आला, टोपी काढली, कागद हातात घेतला, ओठांना लावला, डोक्यावर ठेवला. बायकांनीसुद्धा. तोमासा नावाची खोऱ्यातली एक विधवा आहे, तिने तर दोनदा. एकदा स्वतःसाठी, एकदा आजारी दिराच्या वतीने. अशी आज्ञाधारक रयत मी स्पेनमध्येही पाहिली नाही. डोळे भरून आले. लिओनोरला लिहायचं आहे.

मग सगळे खेचरांवर बसून गेले. बांबू तोडायला गेले असणार.

जासिंता म्हणाली, सरकार, डोक्यावर ठेवून तर झालं, आता पुढं काय? मी तिला समजावलं की आधी माणसांची मनं जिंकावी लागतात, घरं मागाहून आपोआप होतात. ती म्हणाली, मनाचं मला ठाऊक नाही, खेचरं मात्र गेली.

तिला राज्यकारभारातलं काही समजत नाही. चॉकलेट तीनदा. आनंदाचा दिवस होता.

१६ मार्च, रविवार.

एकही घर नाही. लोक आले, मला वाकून नमस्कार केले, गेले. मी डॉन मेल्चोरना जाब विचारला. ते म्हणाले, सरकार, उपवासाचे दिवस आहेत, अशात कुणी घराचा पाया घालतो का? खरंच की. माझ्याच लक्षात यायला हवं होतं. लोक धार्मिक आहेत हे उलट चांगलंच.

ट्रंक भरून ठेवली. आयत्या वेळी घाई नको. चांगले सहा सदरे, रेशमी मोजे, केसांचा टोप. टोपाला कसर लागली आहे, पण मागच्या बाजूने.

१८ मार्च.

सदरा हवा होता. ट्रंक सोडली. पुन्हा भरली. जासिंता मदतीला आली नाही. म्हणाली, निघाल त्या दिवशी हाक मारा.

२४ मार्च. तोमासाच्या वस्तीवरून.

दौऱ्यावर आहे. स्वतः गेल्याशिवाय कामं होत नाहीत. खेचराच्या पाठीवर गुडघ्याचं भुस्कट झालं. पण दौरा अतिशय यशस्वी. ज्या ज्या वस्तीवर गेलो तिथे तिथे जाहीरनामा डोक्यावर ठेवून मगच मला जेवायला वाढलं.

इथे मात्र थोडी चर्चा झाली. तोमासा म्हणाली, घर बांधते की, सरकार, पण मी गावात झोपले तर पहाटे गाईचं दूध कोण काढणार, तुम्ही? मी म्हणालो, गाय गावात आण. ती म्हणाली, आणते, मागोमाग कुरणही आणते, नदी कशी आणू तेवढं सांगा. दीर खाटेवरून ओरडला, वहिनी, सरकारांना उलटून बोलू नकोस, त्यांच्या पानात चीज संपलंय बघ! मी दोघांना बजावलं की मुद्दा गाईचा नाही, घंटेचा आहे. हुकुमात घंटेचा टप्पा म्हटलंय. तर ही बाई म्हणते, घंटा इथं ऐकू येते की! मी बाहेर जाऊन कान दिला. बराच वेळ दिला. म्हणालो, मला काही ऐकू येत नाही. ती म्हणाली, वारा बरोबर असावा लागतो.

मी तिला कडक शब्दांत समज दिली. ती खाली मान घालून ऐकत होती आणि मक्याच्या भाकऱ्या थापत होती. चीज ताजं होतं. पाच वर्षांत इतकं चांगलं चीज खाल्लं नव्हतं. गावात दूध पोहोचेपर्यंत नासतं.

दोन दिवस मुक्काम वाढवला. कामासाठी.

२९ मार्च.

परत. जाकिटाची दोन बटणं तुटली. दौऱ्याची दगदग.

३० मार्च, रविवार.

एकही घर नाही. विचार केला. लोकांना माझ्याबद्दल प्रेम आहे, पण भीती नाही. प्रेमाने घरं होत नसतील तर भीती हवी, आणि ती या प्रांतात फक्त पाद्री अन्सेल्मोंकडे आहे. ईस्टरला त्यांनी व्यासपीठावरून सांगावं की गावात घर न बांधणाऱ्याला धर्मातून बाहेर काढू. मग बघू.

पण त्यांचं माझं पाच वर्षं वाकडं आहे, गादीवरून. चर्चमध्ये सर्वांत पुढे, मखमली गादीवर गुडघे टेकण्याचा गव्हर्नरचा हक्क. पाद्री म्हणतात, गादी फक्त व्हाइसरॉयला. मी यावर माद्रिदला तीनदा लिहिलं. उत्तर नाही, पण नकारही नाही, म्हणून गादी आहे.

आज गेलो. पाद्रींनी ऐकून घेतलं. म्हणाले, धर्मबहिष्कार म्हणजे काही रस्त्यावरचा दगड नाही, डॉन बाल्तासार, उचलला आणि मारला. मग बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, गादी.

३१ मार्च.

नाही म्हणजे नाही. ओल्मेदो घराण्यातला माणूस विटेवर गुडघे टेकणार नाही.

२ एप्रिल.

त्रुहिल्योचं स्वप्न पडलं. अंगणात लिओनोर खुर्ची उन्हात ठेवत होती.

गादी पाठवून दिली.

१३ एप्रिल. ईस्टर.

पाद्री अप्रतिम बोलले. माझ्यासुद्धा अंगावर काटा आला. नरकाचं वर्णन थोडं लांबलंसं वाटलं, कारण मी विटेवर होतो. बहिष्काराचा कागद दाराला लावला. मिस्सा संपल्यावर मी बाहेर उभा राहिलो, लोकांचे पांढरे पडलेले चेहरे पाहायला.

लोक बाहेर पडले. कागद खिळ्यावरून काढला. चुंबन घेतलं. डोक्यावर ठेवला. पुन्हा खिळ्याला लावला. खेचरं सोडली.

पाद्री म्हणाले, बघितलंत ना, किती श्रद्धा आहे. मी म्हणालो, हो, पण आता घरं? ते म्हणाले, माझं काम श्रद्धेपर्यंत. गादीचं विचारलं. म्हणाले, ती आता चर्चची मालमत्ता. दुपारी पाहिलं तर तिच्यावर त्यांचं मांजर झोपलं होतं.

२७ एप्रिल.

विजय! चौकाच्या पूर्वेला ओळीने घरं! डॉन मेल्चोर स्वतः बोलवायला आले. बांबूच्या भिंती, वर पानांचं छप्पर, प्रत्येकाला दार. एकाच आठवड्यात! मला माहीत होतं. माझ्या स्वभावातच असं काहीतरी आहे की लोक शेवटी ऐकतात.

सगळी दारं बंद होती. नांगरणीचे दिवस, लोक शेतावर असणार. आत बघावं म्हणून वळसा घालून मागे गेलो.

मागे भिंत नाही. एकाही घराला. तिसऱ्या घरात एक शेळी होती. ती माझ्याकडे बघत राहिली.

डॉन मेल्चोरना विचारलं, हे काय? ते म्हणाले, सरकार, नवे गव्हर्नर येणार ते चौकातून येणार, मागून कशाला येतील? शिवाय हुकमात घर बांधा म्हटलंय, त्यात राहा असं कुठंय? मी जाहीरनामा काढून वाचला. खरोखर, राहायचं लिहायला मी विसरलो होतो. महाराजांच्या हुकुमात ते आहे. उतरवताना राहून गेलं. दुपारची वेळ होती, झापड आली असेल.

असू दे. सुरुवात पुढच्या भिंतीपासूनच होते.

आता मी निर्धास्त आहे. ट्रंकेला दुसरं कुलूप लावलं.

१९ मे.

पाऊस. चौकाची पूर्व बाजू खाली बसली. एका रात्रीत नव्हे, हळूहळू, म्हातारी माणसं बसतात तशी. जासिंता सकाळी बांबूची मोळी घेऊन आली. म्हणाली, सुकले की चुलीला होतील, तुमच्या गावाची निदान राख तरी होऊ दे. शेळी आता नगरसभेत असते.

नवा जाहीरनामा काढायचा. त्यात 'राहावे' असं ठळक लिहायचं. पाऊस थांबला की.

८ जून.

ताप. पाऊस. डॉन फाद्रिके ग्वातेमालापर्यंत पोहोचल्याची बातमी. तिथे विश्रांती घेत आहेत. छान. माणूस जवळ आला.

छत माझ्या पलंगावर गळतं. पलंग सरकवला. तिथेही गळतं. इथल्या सुताराला बोलावलं तर म्हणाला, सरकार, तुम्ही चाललातच ना? नवीन सरकार आलं की एकदमच करतो.

१९ जुलै. सांता रुफिनाचा सण.

लिओनोरचं पत्र! दीड वर्षापूर्वी लिहिलेलं. नातू झाला. त्याचं नाव बाल्तासार ठेवलं. म्हणजे आता तो चालत असेल. आजोबा म्हणून त्याला काय दाखवतात कुणास ठाऊक. दिवाणखान्यातल्या तसबिरीत मी तेवीस वर्षांचा आहे.

लिओनोर लिहिते, तुम्ही पुढच्या वर्षी निघतो असं लिहिलंत, आनंद झाला. त्याच्या आधीच्या वर्षीही असंच लिहिलं होतंत, तेव्हाही आनंद झाला होता. तुमच्यासाठी नवा कोट शिवायला टाकते आहे, जुन्याच मापाने टाकू का ते कळवा. अंगणातली तुमची खुर्ची मी रोज उन्हात ठेवते, तिचा रंग उडाला.

माप जुनंच, असं उत्तर लिहिलं. उत्तर पोहोचण्याआधी मीच पोहोचेन, पण लिहिलं.

संध्याकाळी सणाची मिरवणूक होती. गेलो नाही. पाऊस होता.

१४ ऑगस्ट.

डॉन फाद्रिके निघण्याच्या बेतात आहेत, असं एका व्यापाऱ्याने सांगितलं. खेचरं ठरवत आहेत. मी विचारलं, कसा आहे माणूस? म्हणाला, फार चौकस. या प्रांताबद्दल सगळं विचारत होता. पाऊस किती, रस्ता कसा, गव्हर्नरचं घर कसं, तापाची साथ केव्हा येते. मी आपलं खरं खरं सांगितलं, असंही म्हणाला.

चौकस माणूस. माझा उत्तराधिकारी असाच हवा. चौकशीत बारकाईने विचारेल, तर चांगलंच. माझे गुण बारकाईनेच दिसतात.

७ सप्टेंबर, रविवार.

निरोपाचं जेवण. खोऱ्याखोऱ्यांतून लोक आले. डुक्कर भाजलं. डॉन मेल्चोरनी भाषण केलं, म्हणाले की, डॉन बाल्तासारांसारखा गव्हर्नर आम्हाला मिळाला नव्हता, कुणाला काही करायला लावलं नाही. टाळ्या थांबेनात. तोमासा चीजचा अख्खा गोळा घेऊन आली. म्हणाली, बोटीत खा सरकार, आणि पोचल्यावर आमच्या राजाला पण द्या थोडं, सांगा की आम्ही त्याचं सगळं डोक्यावर ठेवतो. सगळे हसले. मीही हसलो. नक्की कशाला ते घरी आल्यावर समजेना.

मला रडू आलं. पाच-सहा जण तरी माझ्या गळ्यात पडले असतील. चौकशीत हे सगळे साक्षीला येतील. गाव नसलं तर नसलं. माणसं आहेत.

२९ सप्टेंबर. संत मिगेल.

मुदत संपली! वेशीवर डॉन फाद्रिकेंसाठी पानाफुलांची कमान उभारली. टोप घातला, मोजे चढवले, अधिकाराची काठी हातात घेतली आणि सकाळपासून कमानीखाली उभा. काठी त्यांच्या हातात दिली की मी मोकळा. ती दिल्याशिवाय प्रांताबाहेर पाऊल टाकणं म्हणजे पळपुटेपणा, थेट तुरुंग.

कुणी आलं नाही. रस्ते खराब.

५ ऑक्टोबर.

दुसरं निरोपाचं जेवण. डुक्कर नव्हतं. घेवडा होता. डॉन मेल्चोर म्हणाले, भाषण तेच समजावं.

१२ ऑक्टोबर.

कमानीची पानं शेळीने खाल्ली. आता ती नुसती बांबूची चौकट आहे, मागेपुढे भिंत नसलेली. एकंदर गावाशी मिळतीजुळती.

२६ ऑक्टोबर.

तिसरं निरोपाचं जेवण. जासिंता, मी, पाद्री. पाद्री लवकर उठले.

१४ नोव्हेंबर. संध्याकाळ.

आज ग्वातेमालाचा स्वार आला. एकटा. मागे खेचरांची रांग नाही, पेटारे नाहीत, डॉन फाद्रिके नाहीत. लखोटा होता. नगरसभा बोलावली. कारकुनाचा घसा बरा आहे. त्याने वाचलं.

डॉन फाद्रिके दे साल्सेदो यांनी ग्वातेमालात, साक्षीदारांसमक्ष, उभं राहून, डोक्यावरची टोपी काढून, महाराजांनी दिलेलं गव्हर्नरपदाचं नेमणूकपत्र हाती घेतलं. त्याचं चुंबन घेतलं. ते आपल्या धन्याचं आणि राजाचं पत्र म्हणून मस्तकी धारण केलं. आणि म्हटलं की, हुकूम शिरसावंद्य. मात्र सदर प्रांताचे रस्ते, हवापाणी, गव्हर्नरच्या घराचं छप्पर आणि स्वतःची नाजूक प्रकृती यांची महाराजांना पूर्ण कल्पना नसावी. ती देऊन उत्तर येईपर्यंत अंमल तहकूब. तोवर डॉन बाल्तासार दे ओल्मेदो यांनी होते तसे राहावे.

मी उठून उभा राहिलो. काय काय म्हणालो ते सगळं आठवत नाही. हा राजद्रोह आहे म्हणालो. महाराजांनी हुकूम दिला की तो पाळायचा असतो, चुंबन घेऊन खुंटीला टांगायचा नसतो, असं म्हणालो. डोक्यावर ठेवायचं आणि करायचं काहीच नाही, ही कुठली निष्ठा, असली माणसं साम्राज्य बुडवणार, असं ओरडून म्हणालो. काठी आपटली. तिचं टोक तुटलं.

शेळी बाहेर पावसात ओरडत होती. डॉन मेल्चोर खोकले. मग फार हळू म्हणाले, सरकार, त्यांची टोपी काढण्याची ढब काही तुमच्यासारखी नसणार.

मी खाली बसलो.

माद्रिदला कागद जाणार, तिथे पडून राहणार, उत्तर निघणार, बोट मिळणार. दोन वर्षं. तीन. तोवर नातू घोड्यावर बसायला लागेल.

रिवाजाप्रमाणे लखोटा सगळ्यांकडे फिरला. प्रत्येकाने चुंबन घेऊन डोक्यावर ठेवला. शेवटी माझ्याकडे आला. मीही ठेवला. दुसरं काय करणार. कागद ओला होता.

१५ नोव्हेंबर.

झोपून.

१७ नोव्हेंबर.

ट्रंक सोडली. उंदरांनी मोजे नेले. सदरे आहेत, पण जाकिटाप्रमाणे तेही छातीवर मिटत नाहीत. जासिंता न बोलावता आली आणि सगळे सदरे खुंट्यांवर अडकवले. म्हणाली, बघू द्या, कडेने पट्टी लावून देते.

लिओनोरला लिहायला बसलो. पुढच्या वर्षी निघतो, एवढं लिहून झालं आणि हात थांबला. मग खाली लिहिलं, खुर्ची सावलीत ठेव. आणि कोट मोठ्या मापाचा शिव.

२ डिसेंबर.

पाऊस संपला. छतही संपलं. काल दुपारी माझ्या पलंगावर पडलं. मी जेवत होतो म्हणून वाचलो. सुतार म्हणाला, कापणी चालू आहे, मार्चमध्ये बघू.

तोमासाने दिराबरोबर चीज पाठवलं. तो आता बरा आहे. त्याच्याबरोबर निरोप: राहायचंच झालं तर उकिरड्यावर का राहता, सरकार? आमच्या ओढ्यापलीकडे जमीन पडून आहे, दूध आहे, कोरडं आहे.

मी ताठ बसून म्हणालो, मी गव्हर्नर आहे. माझी जागा गावात. माझाच जाहीरनामा आहे. तो म्हणाला, हो, आमच्याकडं पण आहे त्याची प्रत, फार जपून ठेवलीय.

संकल्प: गाव सोडायचं नाही. लोकांपुढे आदर्श हवा.

५ डिसेंबर.

जासिंता काल खोऱ्यात गेली. भांडी, चूल, काकाओचं पोतं, सगळं खेचरावर लादून. मला म्हणाली, तुम्ही आदर्श ठेवा, मी आपली पुढं होते, भाकऱ्या गरम असतात तोवर या.

सकाळी चॉकलेट नव्हतं.

१४ डिसेंबर. खोरं.

घर बांधायला घेतलं. तात्पुरतं. तोमासाचा दीर आणि मी. बांबू चांगले आहेत. पुढची भिंत झाली, कडेच्या झाल्या. दीर म्हणाला, एवढं पुरे की, नाही का सरकार? मी म्हणालो, नाही. मागचीही घालायची. त्याने मान डोलावली, पहिल्यांदाच माझं बोलणं पटल्यासारखी.

दुपारी पाद्री अन्सेल्मोंचा माणूस आला. पाद्रींनी माझाच मार्चमधला जाहीरनामा पाठवला होता, खाली एक ओळ घालून: आता गावात मी आणि मांजर, हे गव्हर्नरांना लागू आहे की नाही?

हातातला बांबू खाली ठेवला. सगळे बघत होते, तोमासा, जासिंता, दीर. टोपी काढली. चुंबन घेतलं. कागद डोक्यावर ठेवला. ढब चांगली साधली, गुडघा असा असूनही.

पाद्रींच्या माणसाला सांगितलं, घंटा इथवर ऐकू येते म्हणावं. वारा बरोबर असावा लागतो.

आज वारा नव्हता.